सासूबाईंनीही दिलं, ह्यांनीही दिलं... तापाचं औषध डबल गेलंय, काय करू?

कृष्णाकाठची (सांगली), रात्री ९:२२
प्लीज कोणी जागं असेल तर लगेच सांगा. मुलगी दीड वर्षाची, आज सकाळी लसीचा बूस्टर दिला, डाव्या मांडीत. संध्याकाळी मांडी टणक झाली, पाय टेकवेना, काखेत १०१.८ ताप. मी ऑफिसातून यायच्या आधी साडेसातला सासूबाईंनी घरातल्या जुन्या बाटलीतलं ५ मिली पाजलं आणि त्या आरतीला गेल्या. ह्यांना ते माहीत नाही, हे येताना मेडिकलमधून नवीन बाटली घेऊन आले आणि पावणेनऊला त्यातलं ५ मिली दिलं. आत्ता जेवताना दोघांचं बोलणं जुळलं तेव्हा कळलं. मुलगी खेळतीय, थोडा मऊ भातपण खाल्ला. आमच्या डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. उलटी काढू का?

औषधवाला_वाई, रात्री ९:२६
ताई उलटी अजिबात काढू नका. घशात बोट नको, मिठाचं पाणी पाजणं नको. दोन्ही बाटल्या उजेडात घ्या आणि वरचं मोठं नाव सोडून द्या, खाली बारीक अक्षरात दर ५ मिलीत कुठलं औषध किती एमजी ते लिहिलेलं असतं, ते वाचून इथं टाका. आणि मुलीचं वजन. वय नको, वजन.

कृष्णाकाठची, रात्री ९:३१
वजन ९.६, आज सकाळीच कार्डावर लिहून दिलंय. दोन्हीत पॅरासिटामॉलच आहे. जुनी १२०, नवी २५०. नावं वेगवेगळी म्हणून ह्यांना वाटलं औषधं पण वेगळी. रडू येतंय मला.

औषधवाला_वाई, रात्री ९:३७
रडू नका, हिशोब करू. जुन्या बाटलीचे १२०, नव्या बाटलीचे २५०, एकूण ३७० एमजी सव्वा तासात. किलोला साधारण ३८ एमजी पडले. एका वेळचा डोस किलोला १० ते १५ असतो म्हणजे तिला ९६ ते १४४ एमजी. सासूबाईंनी दिलेला डोस अगदी बरोबर होता बरं का. दुसरा एकटाच पाहिला तरी पावणेदोन पट झाला, वर तो चार तासांच्या आत गेला. चूक आहे, पण लिव्हरला धोका व्हायचा जो आकडा धरतात तो एकदम गेलेल्या डोससाठी किलोला १५० ते २०० च्या घरात आहे, त्याच्यापासून तुम्ही बरंच लांब आहात. तरी मी दुकानदार आहे, डॉक्टर नाही. जवळच्या कुठल्याही मुलांच्या दवाखान्यात आत्ता फोन लावा आणि हेच आकडे वाचून दाखवा, "थोडं जास्त गेलं" असं मोघम सांगू नका.

बालडॉक_कराड, रात्री ९:४८
औषधवाल्यांचा हिशोब बरोबर आहे. मी मुलांचीच डॉक्टर आहे, पण मुलगी माझ्यासमोर नाही हे लक्षात ठेवून वाचा. आज रात्री पॅरासिटामॉल बंद, कुठल्याही नावाचं. २४ तासांत किलोला ६० च्या पुढं जायचं नसतं, तिचे होतात ५७६, त्यातले ३७० गेले, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत जेमतेम एक डोस शिल्लक आहे आणि तोसुद्धा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. गेल्या एकदोन दिवसांत अजून काही दिलंय का? सर्दीचं काही? लिव्हरचा किंवा दुसरा काही आजार आहे का? खाणंपिणं कमी झालंय का? ह्यातलं एकही "हो" असेल तर फोनवर न भागवता दाखवायला घेऊन जा. सारख्या उलट्या झाल्या, फार सुस्त वाटली, उठवून उठेना, तर १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा, दोन्ही बाटल्या बरोबर घेऊन.

कृष्णाकाठची, रात्री ९:५५
सर्दीचं आणलेलं आहे पण उघडलेलं नाही. बाकी काही आजार नाही. मिस्टर मिरजेला एका दवाखान्यात फोन लावतायत.

कृष्णाकाठची, रात्री १०:२०
लागला. त्यांनी पण वजन आणि एमजीच विचारलं, दोन मिनिटांत सगळं बोलून झालं. आज काही द्यायचं नाही, पाणी पाजत राहा, सकाळी घेऊन या म्हणाले. ती झोपली. ताप १००.२. सासूबाई देवापुढं बसल्यात, त्यांना वाटतंय त्यांच्यामुळं झालं.

आज्जी_कवठेमहांकाळ, रात्री १०:३४
त्यांना सांग बाई तुमचा डोस बरोबर हुता म्हनून. घरात चार मानसं मायेची असली की असंच हुतंय, ज्याला त्याला वाटतंय आपनच पाजावं. माझ्या नातवाला पन एकदा सुनंनं पाजलं, मग मी पाजलं, नशीब तो दुसऱ्यांदा थुकला.

तासगावची_द्राक्षं, रात्री १०:५१
एक सांगू का, हसू नका. आमच्याकडं बागेवर औषध मारायचं असलं की लिटरला किती मिली हे चार जणांना विचारतो, बाटलीवर बघतो, मेजरमेंटचा डबा धुऊन घेतो, वहीत तारीख लिहितो, कारण माल निर्यातीचा आहे. आणि पोराला ताप आला की "एक चमचा दे". कुठला चमचा तर जो हाताला लागंल तो! माझ्या बायकोनं तर ड्रॉप्सची बाटली सिरप समजून मोठा चमचा भरला होता, तोंडाजवळ नेला तोवर माझ्या आईनं विचारलं एवढीशी बाटली आणि एवढा मोठा चमचा का गं. तेवढ्यावर वाचलो.

औषधवाला_वाई, रात्री १०:५८
दादा ह्यात हसण्यासारखं काहीच नाही, सगळ्यात वाईट घोळ तोच आहे. ड्रॉप्स बहुतेक १ मिलीत १०० एमजी असतात, आणि सिरप ५ मिलीत १२० किंवा २५०. बाटली लहान आणि बाळासाठी म्हणून लोकांना वाटतं औषध सौम्य असेल, असतं उलटं, घट्ट असतं ते. धाग्यावरच्या ताईंच्या मुलीला ड्रॉप्सचे १ ते १.४ मिली पुरतात. तेच ५ मिली पाजले तर ५०० एमजी, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. म्हणून एका बाटलीचं ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला कधीही वापरू नका. आणि गिऱ्हाईक आलं की मी मिली सांगतच नाही, आधी बाटली कुठली विचारतो. फोनवर लोक विचारतात "क्रोसिन किती देऊ", अहो क्रोसिन म्हणजे कुठलं ते सांगा की. क्रोसिन दिलं, उतरलं नाही, मग कॅलपॉल दिलं, असं सांगणारे रोज येतात. दोन्ही पॅरासिटामॉलच.

मिरजेचा_दादा, रात्री ११:१०
उगाच घाबरवताय लोकांना. आम्ही लहान असताना आई ५०० ची गोळी मोडून पाव द्यायची, साखरेत चुरून. चार भावंडं आहोत, चौघं पण धडधाकट. आता एका तापाला वजनकाटा, कॅल्क्युलेटर आणि डॉक्टर.

औषधवाला_वाई, रात्री ११:१७
दादा तुमच्या आईकडं गोळी एकच होती, तिथं चुकायला जागाच नव्हती. आज एका घरात जुनी बाटली, नवी बाटली, सर्दीचं सिरप, दाराआड ६५० च्या गोळ्यांचं पाकीट. ६५० ची पाव गोळी १६२ होते, ५०० ची पाव १२५. सवयीनं पाव मोडायची तर कुठल्या गोळीची?

बालडॉक_कराड, रात्री ११:२३
आणि ५०० ची पाव गोळी दहा किलोच्या मुलाला चालून जाते. तीच दीड महिन्याच्या, पहिल्या लसीच्या चार किलोच्या बाळाला दिली तर डोस दुप्पट होतो. तेव्हा लस दिली की तिथंच नर्सताईंना विचारून घ्या, ताप आला तर ह्या वजनाला किती आणि कशातून. आणखी एक, ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याच्या वर ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. लसीनंतरचा असला तरी निदान फोन तरी करायचाच.

साताऱ्याची_सई, रात्री ११:४०
माझा वेगळाच प्रश्न आहे, धागा भरकटवत असेन तर सॉरी. मागच्या महिन्यात माझा तीन वर्षांचा मुलगा रात्रभर कान धरून रडत होता. ताप नव्हता म्हणून मी तापाचं औषध दिलं नाही, ताप नाही तर कशाला द्यायचं म्हणून. आईनं लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून कानात सोडलं, शेकवलं, जायफळ उगाळून चाटवलं. पहाटे चारपर्यंत आम्ही पोवई नाक्याला गाडीतून चकरा मारतोय, गाडीत झोपतो म्हणून. सकाळी डॉक्टरांना आधी तेलच पुसत बसावं लागलं, पडदा दिसेना. ते म्हणाले दुखत होतं तर पॅरासिटामॉल का नाही दिलं. मला माहितीच नव्हतं की हे दुखण्यावर पण देतात!

बालडॉक_कराड, रात्री ११:५४
अजिबात भरकटवत नाही, उलट हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्याकडं त्याचं नावच "तापाचं औषध" पडलंय म्हणून ताप नसला की बाटली कपाटात राहते आणि पोर रात्रभर कळवळतं. ते वेदनेवरचंही औषध आहे. कान, घसा, लसीची सुजलेली मांडी, पडून लागलेलं, ह्या सगळ्याला डोस तोच, किलोला १० ते १५, दर ४ ते ६ तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. ताप आहे म्हणून द्यायलाच पाहिजे असं मात्र नाही. १०१ आहे आणि मूल खेळतंय, पाणी पितंय, तर नाही दिलं तरी चालतं. थर्मामीटरचा आकडा ९८ वर आणणं हे काम नाही, पोराला बरं वाटणं हे काम. झोपलेलं मूल औषधासाठी उठवू नका.
कानात तेल नकोच. पडद्याला भोक असलं तर तेल थेट आत जातं. जायफळाचं म्हणाल तर, गुंगी आली म्हणजे दुखणं थांबलं असं नाही, आणि जास्त झालं तर जायफळ बाधतं. बाम पण दोन वर्षांच्या आत नको, त्यात कापूर असतो आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

आज्जी_कवठेमहांकाळ, रात्री ११:५९
जायफळ आमी एक येढा दिला की बास करतो. येढा म्हंजे सहाणंवर एकदा फिरवायचं. तुमी लोकं फिरवत बसताय.

साताऱ्याची_सई, रात्री १२:०३
आज्जी 😄 आमच्या आईनं नक्कीच सात-आठ येढे घेतले असणार.

तासगावची_द्राक्षं, सकाळी ७:१५
सकाळी सकाळी अजून एक शंका. आमच्या गल्लीत डॉक्टर "प्लस" वालं देतात, पांढरं-केशरी, त्यानं ताप भर्रकन उतरतो. ते घरी ठेवलं तर?

औषधवाला_वाई, सकाळी ८:०२
रंगावरून मला कळणार नाही, पण प्लस, कोल्ड, फ्लू असं काही नावात असलं की समजायचं आत एकापेक्षा जास्त औषधं आहेत. प्लस म्हणजे बऱ्याचदा आयब्युप्रोफेन (तापाचं-दुखण्याचंच दुसरं औषध) अधिक पॅरासिटामॉल. म्हणजे प्लस दिल्यावर दोन तासांनी साधं पॅरासिटामॉल दिलं की झाला की डबल डोस, काल इथं झाला तसाच. सर्दीच्या सिरपमध्येही बरेचदा पॅरासिटामॉल घातलेलं असतं. त्यातलं क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रिनचं जे मिश्रण येतं ते ४ वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये असं डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं काढलंय, तरी लोक मागच्या वर्षीची अर्धी बाटली घेऊन येतात आणि म्हणतात हेच द्या.

बालडॉक_कराड, सकाळी ८:४०
आयब्युप्रोफेन चांगलं औषध आहे पण त्याच्या अटी आहेत. ६ महिन्यांच्या आत नाही, उपाशीपोटी शक्यतो नाही. जुलाब-उलट्यांनी मूल सुकलंय, लघवी कमी झालीय, तेव्हा नाही कारण किडनीवर ताण येतो. कांजिण्यांत नाही, आणि डेंग्यूची शंका असेल तर मुळीच नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळा उतरला की सांगली-मिरजेकडं डेंग्यू असतोच, मग पहिल्या दोन दिवसांत साधा ताप कुठला आणि डेंग्यू कुठला हे मलाही छातीठोक सांगता येत नाही, तर घरी तुम्हाला कसं कळणार. म्हणून घरात फक्त साधं पॅरासिटामॉल ठेवा. मेफेनॅमिक ॲसिडवाल्या सिरपचंही तेच, आपल्याकडं ते तापाला सर्रास देतात. २०२३ च्या शेवटी त्याबद्दल सरकारी सूचना आली होती, क्वचित अंगभर पुरळ, ताप, गाठी अशी मोठी ॲलर्जी उठते आणि ती औषध दिल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा येऊ शकते. ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाईड हे तापाचं औषध १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे, कोणी जुनी चिठ्ठी जपून ठेवली असेल तर फाडून टाका.

मिरजेचा_दादा, सकाळी ९:०५
आणि ते मध्य प्रदेशात सिरपनं मुलं गेली ते? २०२५ मधलं. त्यानंतर माझी बायको कुठलंच सिरप देत नाही.

बालडॉक_कराड, सकाळी ९:३०
छिंदवाड्याचं ते खोकल्याचं सिरप होतं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, त्यानं किडन्या गेल्या. पॅरासिटामॉलचा दोष नव्हता तो. भीती समजू शकते. खोकल्याची सिरपं लहान मुलांना तशीही लागत नाहीत, ती बंद केलीत तर चांगलंच. पण दुखण्याचं औषध बंद करून पोराला नुसतं रडवत ठेवू नका. बिल घ्या, बॅच नंबर दिसेल असा बाटलीचा फोटो काढून ठेवा.

औषधवाला_वाई, सकाळी ९:३४
बिल घ्या म्हटलं की माझी गिऱ्हाइकं म्हणतात राहू दे हो, विश्वास आहे. विश्वासावर बॅच नंबर छापलेला नसतो.

कृष्णाकाठची, दुपारी १:४५
आले दाखवून. छान आहे ती. ताप ९९.४, मांडीला गाठ आहे अजून, आठवड्याभरात विरेल म्हणाले. वजन, वेळा सगळं लिहून नेलं होतं ते बघून डॉक्टर खूश झाले. मी विचारलं की ती तर काल रात्री खेळत होती, मग एवढं घाबरायचं कारण काय होतं, तर ते म्हणाले पॅरासिटामॉल खरंच खूप जास्त गेलं तरी पहिल्या दिवशी मूल नॉर्मल दिसतं, एखादी उलटी होते नाही तर तीही नाही, आणि लिव्हर बिघडतं ते दोन-तीन दिवसांनी. ह्यावर उतारा आहे पण तो पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो, म्हणून मूल हसतंय म्हणून वाट बघत बसायचं नाही, लगेच विचारायचं. हे ऐकून ह्यांचा चेहरा उतरला, काल रात्री हेच म्हणत होते खेळतीय ना, मग सोड.
घरी येऊन आम्ही एक उद्योग केला. दवाखान्यातून ५ मिलीची तोंडानं औषध द्यायची सिरिंज दिली होती, तिनं घरातले सगळे चमचे पाण्यानं मोजले. साखरेच्या डब्यातला साडेतीन मिली. चहाचा एक पाच, दिसायला तसाच असलेला दुसरा सहा. पोह्यांचा चमचा साडेआठ!! सासूबाई म्हणाल्या मी तर टोपणानंच दिलं होतं हो, चमच्यानं नाही. त्या खरंच टोपणानंच देतात, रेषेला डोळा लावून.

साताऱ्याची_सई, दुपारी २:१०
किती बरं वाटलं वाचून. सिरिंजनं देताना ती थुंकत नाही का? माझा फवारा उडवतो.

औषधवाला_वाई, दुपारी २:३०
जिभेवर सरळ मारू नका, ठसका लागतो. मूल बसतं करून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. बाटली आधी हलवा, औषध तळाला बसलेलं असतं, न हलवता दिलं तर वरचे डोस फिके आणि तळाचा भारी. इंजेक्शनची सिरिंज वापरत असाल तर सुई तर नकोच, वरचं छोटं टोपणही फेकून द्या, घशात अडकतं ते. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका, अर्धं दूध सोडलं की डोस किती गेला ते देवाला माहीत. आणि दिल्यावर लगेच उलटी झाली तर परत देता येतं, अर्धा तास उलटून गेला असेल तर परत नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. औषध गोड असतंय, मुलं स्वतः चढून काढतात, म्हणून फ्रिजच्या दारात ठेवू नका. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये ठेवता तेही पोरांच्या हाताला लागतं.

मिरजेचा_दादा, दुपारी ३:०५
आमच्या घरातले चमचे मोजले. काही बोलत नाही.

आज्जी_कवठेमहांकाळ, दुपारी ३:२०
बोल की रं.

मिरजेचा_दादा, दुपारी ३:२२
एक दहाचा निघाला. मुलाला त्यानंच देतो. 🙏

कृष्णाकाठची, आठ दिवसांनी, रात्री ८:५०
धागा वर काढतीय. मांडीची गाठ विरली. आता आमच्याकडं औषधाची वेळ कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलनं लिहायची असं ठरलंय, किती वाजता, किती मिली, कुणी. परवा दात येतायत म्हणून फार चिडचिड करत होती, दुखत असणार असं वाटलं, तर लिहून दिलं होतं तसं एकदाच दिलं. हिरड्यांना लावायची बधिर करणारी जेल मात्र नको म्हणाले डॉक्टर, थंड ओलं फडकं चावायला द्या म्हणाले. आज चौकोनात बघितलं तर सासूबाईंनी खाली लिहिलंय, "बीपीची गोळी, सकाळी, मी."
एक विचारायचं होतं. ती २५० ची बाटली जवळजवळ भरलेलीच आहे. जाऊबाईंचा मुलगा पाच वर्षांचा, १७ किलो. १७ गुणिले १५ म्हणजे २५५, तर त्याला लागलंच तर एका वेळी ५ मिली बसतंय ना?

औषधवाला_वाई, रात्री ९:०४
बसतंय. बाटली कधी फोडली ती तारीख वर लिहा, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर बघा. बाकी आमच्या दुकानात एक माणूस कमी आहे, वाईला यायचं असेल तर कळवा.